वाचकांचे प्रश्न: स्क्रिप्टचं लॉगिन, टोकन आणि प्रमाणपत्रं

या महिन्यात आलेल्या पत्रांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे प्रश्न बरेच होते आणि ते एकाच ठिकाणी येऊन थांबत होते: रात्री-अपरात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट सर्व्हर-व्यवस्थापनाच्या एपीआयमध्ये (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या ठरलेल्या मार्गात) सुरक्षितपणे लॉगिन कशी करणार? त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. दोन शब्द वारंवार येतील: ‘बीएमसी’ म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणारा, त्याच्या मदरबोर्डवरचा वेगळा लहानसा संगणक, आणि ‘रेडफिश’ म्हणजे त्याच्याशी नेटवर्कवरून बोलायचा प्रमाणित एपीआय. पत्ते, हेडर आणि फील्डची नावं या सदरात नेहमीप्रमाणे नागरीत छापली आहेत. टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा आणि लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी ठेवा.

प्रश्न (पुणे): आमच्या सर्व रॅक सर्व्हरच्या बीएमसीवर रेडफिश चालू आहे. तापमान, पंखे आणि पॉवर सप्लाय यांची स्थिती दर पाच मिनिटांनी गोळा करणारी पायथन स्क्रिप्ट आहे. बेसिक ऑथऐवजी (प्रत्येक विनंतीसोबत पासवर्ड पाठवण्याऐवजी) सेशन टोकन (एकदा लॉगिन केल्यावर मिळणारा तात्पुरता परवाना) वापरा असं वाचलं म्हणून बदल केला. त्यानंतर काही बीएमसी थोड्या वेळाने नवं लॉगिनच घेईनात. ‘सेशन लिमिट एक्सीडेड’ असा संदेश येतो आणि ब्राउझरमधूनही आत जाता येत नाही. परत बेसिक ऑथवर जावं का?

उत्तर: परत जाऊ नका. तुमचं पाऊल बरोबर आहे, फक्त अर्धंच पडलं आहे. लॉगिन होतंय, पण लॉगआउट होत नाही.

रेडफिशचं सेशन असं चालतं. ‘/रेडफिश/व्ही१/सेशनसर्व्हिस/सेशन्स’ या पत्त्यावर ‘पोस्ट’ विनंती जाते आणि तिच्यात युजरनेम व पासवर्ड ही दोन फील्ड असलेलं जेसन असतं. सगळं जुळलं की २०१ हा कोड येतो. त्या उत्तरात दोन हेडर (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) महत्त्वाचे असतात. ‘एक्स-ऑथ-टोकन’ सगळ्यांच्या लक्षात राहतो, कारण पुढच्या प्रत्येक विनंतीला तो लागतो. दुसरा ‘लोकेशन’. तुमच्या सेशनचा स्वतःचा पत्ता त्यात असतो आणि बहुतेक स्क्रिप्ट तो वाचतही नाहीत. काम संपल्यावर याच पत्त्यावर, तोच टोकन लावून, ‘डिलीट’ विनंती पाठवायची असते. ती गेली नाही तर सेशन निष्क्रियतेची मुदत संपेपर्यंत जिवंत राहतं.

हिशोब करून पाहा. मुदत ३० मिनिटांची असेल आणि दर पाच मिनिटांनी एक सेशन उघडं सोडलं, तर कुठल्याही क्षणी सहा सेशन नुसती पडून असतात. दुसरी एखादी स्क्रिप्ट तसंच करत असेल तर बारा. बीएमसी तसा लहानसाच संगणक. एकाच वेळी तो मोजकीच सेशन सांभाळतो. मर्यादा भरली की माणसालाही दार बंद.

डिलीटची ओळ पायथनच्या ‘फायनली’ भागात ठेवा, म्हणजे मधेच एरर आला तरी ती चालेल. पण तेवढ्यावर विसंबू नका. सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेने) किंवा ‘टाइमआउट’ कमांडने स्क्रिप्ट थांबवली तर तिला ‘सिगटर्म’ हा सिग्नल मिळतो आणि पायथन मूळ वागणुकीत ‘फायनली’ न चालवताच संपतो. सिगटर्मसाठी छोटा हँडलर लिहून त्यात ‘सिस एक्झिट’ बोलवा, मग साफसफाई होते. मुळात स्क्रिप्ट लटकते ती बऱ्याचदा टाइमआउट दिलेला नसतो म्हणून. पायथनमधून वेब विनंत्या पाठवणारी ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी स्वतःहून टाइमआउट लावत नाही. जोडणीसाठी ५ सेकंद आणि उत्तरासाठी ३० सेकंद इथून सुरुवात करा. बीएमसी संथ असतात, त्यामुळे उत्तराची मुदत फार आवळू नका.

‘लोकेशन’ कधी पूर्ण यूआरएल असतो, कधी नुसता पाथ. तो मूळ पत्त्याला ‘यूआरएल जॉइन’ने जोडा आणि होस्ट तोच आहे ना हे तपासूनच टोकन पाठवा. रीडायरेक्टच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. विनंती दुसऱ्या होस्टकडे वळवली गेली तर ‘रिक्वेस्ट्स’ आणि ‘कर्ल’ (कमांडच्या ओळीतून विनंत्या पाठवणारं साधन) दोन्ही ‘ऑथरायझेशन’ हेडर काढून टाकतात. ‘एक्स-ऑथ-टोकन’ हा मात्र त्यांच्या लेखी साधा हेडर, तो तसाच पुढे जातो. म्हणून रीडायरेक्ट आपोआप पाळणं बंद ठेवा.

सेशनची मुदत ‘सेशनसर्व्हिस’च्या ‘सेशनटाइमआउट’ या फील्डमध्ये असते. मानकानुसार ती ३० ते ८६,४०० सेकंदांच्या दरम्यान ठेवता येते आणि शेवटच्या विनंतीपासून मोजली जाते. तुमच्या कामासाठी पाच-दहा मिनिटं भरपूर झाली. आत्ता अडकलेल्या बीएमसींवर मुदत संपू द्या, मग अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करून ‘सेशन्स’ची यादी मागवा आणि उरलेली एकेक करून काढा.

४०१ आणि ४०३ या दोन कोडांना स्क्रिप्टने सारखं वागवू नये. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही किंवा सेशन संपलं. अशा वेळी एकदाच पुन्हा लॉगिन करून पाहा, दुसऱ्यांदा नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण त्या कामाचा अधिकार नाही. तिथे पुन्हा पुन्हा विचारून काही उपयोग नसतो. लॉगिनचा प्रयत्न लूपमध्ये टाकला आणि पासवर्ड बदललेला असला, तर ‘अकाउंटलॉकआउटथ्रेशोल्ड’ (चुकलेल्या प्रयत्नांची मर्यादा) ओलांडून ते खातं सगळ्या सर्व्हरवर एकदम कुलूपबंद होतं. पासवर्ड बदलण्याआधी स्क्रिप्ट चालवणारा टायमर थांबवा, नवा पासवर्ड पोचवा, एका सर्व्हरवर चालवून पाहा, मग टायमर पुन्हा सुरू करा.

प्रश्न (नागपूर): बीएमसीवर कारखान्यातूनच आलेलं सेल्फ-साइन्ड (स्वतःच स्वतःची सही केलेलं) प्रमाणपत्र आहे, म्हणून कर्लमध्ये ‘छोटा के’ आणि पायथनमध्ये ‘व्हेरिफाय फॉल्स’ वापरून प्रमाणपत्राची तपासणी बंद ठेवतो. मॅनेजमेंटचं व्हीलॅन (त्यापुरतं वेगळं काढलेलं नेटवर्क) वेगळं आहे, बाहेरून कोणी येऊ शकत नाही. तरी हरकत आहे का?

उत्तर: आहे, आणि आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी हरकत हीच आहे. टोकन कितीही लांबलचक घ्या, पासवर्ड कितीही जपून ठेवा, तपासणी बंद असेल तर तुमची स्क्रिप्ट समोर जो कोणी ‘मी बीएमसी आहे’ म्हणेल त्याच्या हातात पासवर्ड ठेवते. वाहतूक एन्क्रिप्टेड असते हे खरं, पण ती कोणाशी एन्क्रिप्टेड आहे हे तुम्ही विचारलेलंच नसतं. त्याच व्हीलॅनमधलं एखादं जुनं स्विच, केव्हीएम किंवा यूपीएसचं कार्ड कोणाच्या ताब्यात गेलं की एआरपीची (आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा हे शोधणाऱ्या पद्धतीची) फसवणूक करून मधे बसणं कठीण नाही. आणि बीएमसीचा अ‍ॅडमिन पासवर्ड हाती लागला म्हणजे व्हर्च्युअल मीडियावरून (नेटवर्कवरून जोडलेल्या आभासी डिस्कवरून) हवी ती ऑपरेटिंग सिस्टम बूट करता येते. वरच्या लिनक्सवर लावलेली सगळी बंदिस्ती तिथे निरुपयोगी ठरते.

दुरुस्ती एकदाच करावी लागते. संस्थेचं स्वतःचं सर्टिफिकेट अथॉरिटी (प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करणारी यंत्रणा) असेल तर ते वापरा, नसेल तर ‘ओपनएसएसएल’ने किंवा ‘स्टेप-सीए’ने उभारा. त्याची खासगी किल्ली स्क्रिप्ट चालते त्या मशीनवर ठेवू नका. मग प्रत्येक बीएमसीवर ‘सर्टिफिकेटसर्व्हिस’मधली ‘जनरेटसीएसआर’ ही क्रिया चालवा. तिने किल्लीची जोडी बीएमसीच्या आतच तयार होते आणि बाहेर येते ती फक्त स्वाक्षरीची विनंती. तिच्यावर आपल्या अथॉरिटीची स्वाक्षरी घ्या आणि ‘रिप्लेससर्टिफिकेट’ क्रियेने प्रमाणपत्र परत चढवा. काही बीएमसींना त्यानंतर स्वतःला रीस्टार्ट करावं लागतं. चालू सर्व्हरला त्याने धक्का लागत नाही, तरी कामाच्या वेळेत करू नका. जुन्या फर्मवेअरवर या क्रिया उपलब्ध नसतील तर वेब पानावरून तेच करता येतं.

यात नेहमी अडतं ते नावापाशी. स्क्रिप्ट आयपी पत्त्यावर जाते आणि प्रमाणपत्रात फक्त होस्टचं नाव असतं, मग ‘होस्टनेम मिसमॅच’ येतो आणि वैतागून कोणीतरी तपासणी पुन्हा बंद करतो. पायथनच्या नव्या लायब्रऱ्या ‘कॉमन नेम’ पाहतच नाहीत, ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ची यादीच पाहतात. म्हणून विनंती तयार करतानाच त्या यादीत पूर्ण डीएनएस नाव घाला, आणि आयपीनेच जायचं असेल तर आयपीही घाला. त्यानंतर कर्लला ‘सीएसर्ट’ पर्यायाने आणि ‘रिक्वेस्ट्स’ला ‘व्हेरिफाय’मध्ये अथॉरिटीच्या फाइलचा पाथ द्या.

अथॉरिटी उभारणं आत्ता शक्यच नसेल, तर निदान सार्वजनिक किल्ली पक्की करून ठेवा. कर्लचा ‘पिन्डपबकी’ पर्याय किल्लीचा शा-२५६ ठसा जुळवून पाहतो, आणि ‘छोटा के’ दिलेला असला तरी जुळवतो. ठसा मात्र त्याच नेटवर्कवरून पहिल्या जोडणीत उचलू नका. रॅकसमोर लॅपटॉप थेट बीएमसीच्या पोर्टला लावून घ्या. फॅक्टरी रीसेट केल्यावर बीएमसी नवी किल्ली बनवते आणि ठसा जुळेनासा होतो. तेव्हा आधी कारण शोधा, मग ठसा बदला.

प्रश्न (कोल्हापूर): पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये हे समजलं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला तर पुरे आहे का?

उत्तर: कमांडच्या ओळीत लिहिण्यापेक्षा बरं, पण पुरे नाही. कमांडच्या ओळीतलं सगळं ‘पीएस’मध्ये (चालू प्रोग्रामांच्या यादीत) मशीनवरच्या कोणालाही दिसतं, शिवाय बॅशच्या हिस्ट्रीत उरतं. कर्ल ‘-यू’नंतरचा पासवर्ड पुसून टाकायचा प्रयत्न करतं, पण प्रोग्राम सुरू होणं आणि पुसणं यांच्यामध्ये क्षणभर तो उघडा असतो. एन्व्हायर्नमेंट फक्त त्याच युजरला आणि रूटला वाचता येतं. त्याची अडचण वेगळी आहे: स्क्रिप्टने चालवलेल्या प्रत्येक उपप्रोग्रामला ते वारशाने मिळतं, आणि एरर आला की सगळं एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये ओतणारी साधनं बरीच आहेत.

साध्या कामासाठी स्क्रिप्टच्या स्वतंत्र युजरच्या मालकीची, ६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) फाइल चांगली. फाइल आधी बनवून मग ‘चमॉड’ने परवानगी बदलू नका. मधल्या वेळात ती सगळ्यांना वाचता येते. ‘युमास्क ०७७’ लावूनच बनवा. कर्लला पासवर्ड ‘नेटआरसी-फाइल’ने किंवा ‘मोठा के’ने दिलेल्या कॉन्फिग फाइलमधून मिळू द्या. टोकनचा हेडरही फाइलमधून देता येतो: ‘-एच’नंतर ॲट चिन्ह आणि फाइलचं नाव. ही सोय कर्ल ७.५५.० पासून आहे.

याहून पक्की व्यवस्था हवी असेल तर ठरल्या वेळी कामं चालवणारा जुना क्रॉन सोडून सिस्टमडी टायमर वापरा. सर्व्हिस फाइलमधली ‘लोडक्रेडेन्शियल’ ही ओळ गुपित फक्त त्या सर्व्हिसला, ती चालू असेपर्यंतच, वेगळ्या फोल्डरमध्ये देते. त्याचा पाथ ‘क्रेडेन्शियल्स डिरेक्टरी’ या व्हेरिएबलमध्ये मिळतो, म्हणजे एन्व्हायर्नमेंटमध्ये पाथ असतो, पासवर्ड नाही. सिस्टमडी २४७ पासून हे आहे. २५० पासून ‘सिस्टमडी-क्रेड्स’ने गुपित एन्क्रिप्ट करून ठेवता येतं आणि मशीनमध्ये टीपीएम २ (किल्ल्या जपून ठेवणारी) चिप असेल तर तिच्याशी बांधता येतं. मग नुसती बॅकअपची टेप चोरीला गेली तरी पासवर्ड वाचता येत नाही.

पासवर्ड एकदा गिटमध्ये गेला असेल तर पुढच्या कमिटमध्ये काढून काही साधत नाही, जुन्या कमिटमध्ये तो तसाच असतो. आधी पासवर्ड बदला. इतिहास साफ करायचा की नाही हे नंतर ठरवा.

प्रश्न (ठाणे): देखरेखीच्या स्क्रिप्टला कोणता रोल द्यावा? सध्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, कारण रीडओन्लीने काही चालणार नाही असं वाटतं.

उत्तर: चालतं. रेडफिशमध्ये तीन ठरलेले रोल आहेत. ‘रीडओन्ली’ला लॉगिन आणि स्वतःचा पासवर्ड बदलणं एवढेच अधिकार असतात आणि सेन्सर, पंखे, फर्मवेअरच्या आवृत्त्या वाचायला तेवढे पुरतात. ‘ऑपरेटर’ला त्यावर ‘कॉन्फिगरकंपोनंट्स’ मिळतो. सर्व्हर बंद-चालू करणाऱ्या स्क्रिप्टसाठी तो. युजर तयार करणं आणि बीएमसीचं नेटवर्क बदलणं हे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चं काम, ते रोजच्या स्क्रिप्टला कशाला हवं? वाचणारी स्क्रिप्ट आणि रीसेट करणारी स्क्रिप्ट यांची खाती वेगळी ठेवा. लॉगमध्ये रात्री तीनचा रीसेट कोणी केला हे मग नावावरूनच कळतं.

प्रश्न (पणजी): प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर) स्क्रिप्टसाठी एपीआय टोकन बनवला. ब्राउझरमध्ये त्याच युजरला सगळी व्हर्च्युअल मशीन दिसतात, पण टोकनने यादी मागवली तर २०० कोड आणि रिकामी यादी येते. एररही नाही. टोकन खराब आहे का?

उत्तर: टोकन ठीक आहे, त्याच्याकडे अधिकार नाहीत. टोकन बनवताना ‘प्रिव्हिलेज सेपरेशन’ची खूण मुळातच लावलेली असते. ती असताना टोकनला युजरचे अधिकार आपोआप मिळत नाहीत, स्वतंत्रपणे द्यावे लागतात. शेवटी चालतो तो दोघांना समान असलेला भाग. म्हणजे युजरकडे नसलेला अधिकार टोकनला दिला तरी लागू होत नाही. आणि मशीनची यादी देताना प्रॉक्समॉक्स ज्यांच्यावर ‘व्हीएम.ऑडिट’ (पाहण्याचा) अधिकार नाही ती मशीन मुकाट्याने गाळतो, म्हणून एरर न येता रिकामी यादी आली.

खूण काढून टाकू नका. ती काढली तर टोकन युजरइतकाच बलवान होतो. ‘डेटासेंटर’खाली ‘परमिशन्स’मध्ये ‘एपीआय टोकन परमिशन’ जोडा: पाथ ‘/व्हीएमएस’, रोल ‘पीव्हीईऑडिटर’, आणि ‘प्रोपगेट’ चालू. मशीन सुरू-बंद करायची असतील तर ‘व्हीएम.ऑडिट’ आणि ‘व्हीएम.पॉवरमॅनेजमेंट’ एवढेच अधिकार असलेला स्वतःचा रोल बनवा (मूळ नावात तो शब्द संक्षेपाने येतो) आणि तो एखाद्या ‘पूल’वर (मशीनच्या गटावर) द्या. युजर रूट नको, त्यासाठी ‘पीव्हीई’ रिल्ममध्ये (प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या खात्यांच्या विभागात) वेगळा युजर काढा. टोकनला मुदतीची तारीखही घाला. ती तारीख कॅलेंडरमध्ये नोंदवा, नाहीतर एखाद्या सकाळी बॅकअपची स्क्रिप्ट ४०१ देत बसेल.

हेडरची घडण अशी: ‘ऑथरायझेशन’, मग ‘पीव्हीईएपीआयटोकन’ आणि बरोबरचं चिन्ह, मग युजर, ॲट, रिल्म, उद्गारचिन्ह, टोकनचं नाव, पुन्हा बरोबरचं चिन्ह आणि शेवटी गुपित. मधलं उद्गारचिन्ह घात करतं. टर्मिनलवर हेडर दुहेरी अवतरणात लिहिला तर बॅश त्याला हिस्ट्रीची खूण समजतो आणि ‘इव्हेंट नॉट फाउंड’ म्हणतो. एकेरी अवतरण वापरा, किंवा वर सांगितल्याप्रमाणे हेडर फाइलमधून द्या. पायथनमध्ये सगळं बरोबर असूनही ४०१ येत असेल तर होम फोल्डरमधली ‘.नेटआरसी’ पाहा. तिच्यात त्या होस्टची नोंद असेल तर ‘रिक्वेस्ट्स’ तुमचा ‘ऑथरायझेशन’ हेडर बाजूला सारून तिथला पासवर्ड पाठवते. ‘सेशन’ वस्तूवर ‘ट्रस्ट-एन्व्ह’ फॉल्स केलं की हे थांबतं. मात्र तेच बटण एन्व्हायर्नमेंटमधली प्रॉक्सीची मांडणीही बंद करतं, हे ध्यानात ठेवा.

गुपित एकदाच दाखवलं जातं. हरवलं तर शोधण्यात वेळ घालवू नका, टोकन काढून नवा बनवा. टोकन वापरताना ‘सीएसआरएफ’चा (दुसऱ्या साइटने तुमच्या नावाने विनंती करू नये म्हणून असलेला) वेगळा हेडर लागत नाही. तो लागतो पासवर्डने लॉगिन केल्यावर मिळणाऱ्या, दोन तास चालणाऱ्या तिकिटाबरोबर, जेव्हा काही बदलणारी विनंती करायची असते.

प्रश्न (नवी मुंबई): रेडफिश असलं तरी पॉवर सायकलसाठी (सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्यासाठी) ‘आयपीएमआयटूल’ची, म्हणजे रेडफिशआधीच्या आयपीएमआय पद्धतीने बीएमसीशी बोलणाऱ्या साधनाची, जुनी स्क्रिप्टच सोपी वाटते. पासवर्ड कठीण ठेवला तर चालेल ना?

उत्तर: नेटवर्कवरून नको. आयपीएमआय २.० मध्ये हस्तांदोलन होतानाच, समोरच्याने स्वतःची ओळख पटवण्याआधी, बीएमसी पासवर्डवरून काढलेला हॅश त्याला देते. युजरनेम माहीत असलेला कोणीही तो घेऊन आपल्या मशीनवर निवांत अंदाज लावत बसू शकतो. तुमच्या बीएमसीच्या लॉकआउटला त्याचा पत्ताही लागत नाही. हा दोष सीव्हीई-२०१३-४७८६ या क्रमांकाने नोंदला आहे. तो मानकातच असल्याने फर्मवेअर अपडेटने जात नाही. पासवर्डची लांबीही तिथे २० बाइटांपलीकडे नेता येत नाही. रेडफिशची पहिली आवृत्ती डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आणली, तेव्हापासून पर्याय हाताशी आहे.

पॉवर सायकलसाठी ‘ऑपरेटर’ खात्याने ‘कॉम्प्युटरसिस्टम.रीसेट’ ही क्रिया वापरा. कोणते ‘रीसेटटाइप’ चालतात ते त्याच रिसोर्समधल्या ‘अलाउएबल व्हॅल्यूज’मध्ये वाचा, सगळ्या बीएमसींवर ते सारखे नसतात. मग अ‍ॅडमिन म्हणून ‘मॅनेजर’खालच्या ‘नेटवर्कप्रोटोकॉल’वर ‘पॅच’ विनंती करून ‘आयपीएमआय’चं ‘प्रोटोकॉलएनेबल्ड’ फॉल्स करा. ४१२ किंवा ४२८ आला तर आधी ‘गेट’ करून मिळालेला ‘ईटॅग’ (त्या नोंदीच्या आवृत्तीची खूण) ‘इफ-मॅच’ हेडरमध्ये परत द्या. बंद झालं का हे एनमॅपवरून (पोर्ट तपासणाऱ्या साधनावरून) ठरवू नका: यूडीपी ६२३ वर काहीच उत्तर आलं नाही तर तो ‘ओपन किंवा फिल्टर्ड’ एवढंच सांगतो. दुसऱ्या मशीनवरून ‘आयपीएमआयटूल’ने ‘लॅनप्लस’ जोडणी करून पाहा. ती जुळली नाही की स्विचवरही तो पोर्ट अडवा, कारण फॅक्टरी रीसेटनंतर ही मांडणी काही मॉडेलवर पुन्हा चालू होते.